विमानातला मास्क, लपवलेला ताप आणि शेजारचा प्रवासी

साथीच्या काळातल्या विमानप्रवासाबद्दल वाचकांची पत्रं आली आहेत. त्यांतल्या चार प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : केबिनमधली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते, असं कोविडच्या काळात सांगितलं जायचं. मग मास्कची सक्ती कशाला होती? बरेच प्रवासी सीटवर बसताच तो हनुवटीवर ओढायचे. (वाचक, सांगली)

उत्तर : हवेबद्दलची माहिती खरी आहे. हवा वरून येते आणि फरशीलगतच्या जाळ्यांतून ओढली जाते. साधारण निम्मी बाहेरची असते, निम्मी हेपा फिल्टरमधून गाळून परत सोडलेली. हा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. तासाला वीस ते तीस वेळा हवा बदलते.

पण शेजारी खोकला, तर ते कण फिल्टरकडे जाण्याआधी तुमच्या नाकाशी पोचतात. १५ मार्च २००३ रोजी, सार्सच्या साथीत, हाँगकाँगहून बीजिंगला निघालेल्या विमानात ताप असलेला एक प्रवासी होता. विमानातल्या १२० जणांपैकी २२ जण नंतर आजारी पडले, आणि त्यांतले काही त्याच्यापासून सात ओळी पुढे बसलेले होते. मार्च २०२० मध्ये लंडन–हनोई विमानातही तसंच घडलं. लक्षणं असलेली एक प्रवासी बिझनेस क्लासमध्ये होती आणि त्याच वर्गातल्या बारा जणांना लागण झाली. तेव्हा विमानात मास्कची सक्ती नव्हती.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हवेचं हे चक्र उडत्या विमानात उत्तम चालतं. जमिनीवर इंजिन आणि एसी बंद असेल तर ते मंदावतं किंवा थांबतं. नेमकं तेव्हाच सगळे उठून वरचं सामान काढत असतात, एकमेकांना खेटून उभे असतात आणि ‘उतरलो’ असं घरी कळवायला मास्क खाली करतात. विमान थांबल्यावर आपल्या ओळीची पाळी येईपर्यंत बसून राहणं आणि एरोब्रिजवर किंवा बसमध्येही मास्क न काढणं, हे दोन तासांच्या उड्डाणातल्या शिस्तीइतकंच महत्त्वाचं आहे.

दुसरी गळती जेवणाची. ट्रे आले की सगळे मास्क एकदम उतरतात. म्हणूनच १५ एप्रिल २०२१ पासून दोन तासांपेक्षा कमी वेळाच्या देशांतर्गत उड्डाणांत जेवण बंद केलं होतं. लांबच्या प्रवासात शेजाऱ्याचं खाणं होऊ द्या, त्याने मास्क चढवला की मग तुम्ही खा. डोक्यावरची हवेची नळी बंद करू नका, मध्यम ठेवून चेहऱ्यासमोरून खाली वळवा. एन-९५ घालणार असाल तर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. जोरात श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ आली, तर तो वरून गळतोय. दाट दाढीवर तो नीट बसत नाही.

प्रश्न : माझ्या भाच्याने अंगात कणकण असताना पॅरासिटामॉल घेऊन थर्मल तपासणी पार केली. तिकिटाचे पैसे बुडतील म्हणून. सुशिक्षित माणसं असं का वागतात? (वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : भाच्याची चूक झाली, यात शंका नाही. पण ती तपासणी मुळातच लंगडी आहे. तापमापक बंदूक कपाळाच्या कातडीचं तापमान मोजते. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो, तेवढ्यात माणूस विमानात बसलेला असतो. शिवाय कोविडमध्ये लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस लागतात, आणि काहींना ती दिसतच नाहीत. म्हणजे सगळा भार प्रवाशाच्या खरं बोलण्यावर.

आणि खरं बोलल्याचा दंड कुणाला? तिकीट गेलं, रजा गेली, परक्या गावात हॉटेलचा खर्च. आजारी माणसाला विनाशुल्क तारीख बदलून देणं हाही आरोग्याचाच उपाय आहे, असं आमचं ठाम मत आहे. पाचशे फलकांपेक्षा त्याने जास्त ताप उघड होतील.

महाराष्ट्राने हे फार पूर्वी पाहिलंय. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोजीर घरांत घुसून झडती घेऊ लागले, तेव्हा लोक आजारी माणसं लपवू लागले. तो संताप २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडण्यापर्यंत गेला. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर गृहविलगीकरणाचा शिक्का मारायला सुरुवात झाली, आणि काही दिवसांतच तसे शिक्के असलेले प्रवासी रेल्वेतून गावी निघालेले सापडले. पालघरला त्यांना गाडीतून उतरवावं लागलं. शिक्क्याने माणूस ओळखता येतो, पण तो घरी कसा पोचेल आणि कुठे राहील, हे प्रश्न तसेच उरतात.

पिवळ्या तापाच्या लशीच्या दाखल्याबद्दल मात्र सहसा कुणी वाद घालत नाही. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, दाखला आजन्म, तो नसेल तर साथीच्या देशातून आल्यावर ६ दिवस विलगीकरण. एक कागद, एक मुदत. उलट नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली, राजस्थान, गुजरात, गोव्यातून महाराष्ट्रात विमानाने येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतली आरटी-पीसीआर चाचणी लागू झाली. ते ७२ तास नमुना दिल्यापासून विमान उतरण्याच्या नियोजित वेळेपर्यंत मोजायचे होते. अहवालावरची तारीख धरली की हिशेब चुकायचा. पुन्हा असा नियम आला तर नमुना घेतल्याची वेळ अहवालावर छापून मागा.

प्रश्न : नियम लागू असताना शेजारच्याने मास्क घालायला नकार दिला तर? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : स्वतः वाद घालू नका, आवाज चढला की दोघांच्याही तोंडातून जास्त कण उडतात. बेल दाबा आणि केबिन क्रूला सांगा. मार्च २०२१ च्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) आदेशानुसार न ऐकणाऱ्याला उड्डाणाआधी उतरवता येत होतं आणि ‘बेशिस्त प्रवासी’ ठरवता येत होतं. शाब्दिक बेशिस्तीला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर जाण्याला सहा महिन्यांपर्यंत प्रवासबंदी होऊ शकते. अमेरिकेत २०२१ मध्ये अशा बेशिस्तीच्या ५,९८१ तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यांतल्या ४,२९० मास्कवरून होत्या. क्रू ऐकत नसेल तर सीट बदलून मागा, दोन ओळींचं अंतरही उपयोगी पडतं.

प्रश्न : भारतात विमानातली मास्कसक्ती कधी उठली? आईला (वय ७२, दमा) आताही मास्क घालायला सांगावं का? (वाचिका, ठाणे)

उत्तर : १६ नोव्हेंबर २०२२ रोजी. त्यानंतर मास्क वापरणं इष्ट, पण बंधन नाही. आईंनी जरूर घालावा, विशेषतः रांगेत, बसमध्ये आणि चढता-उतरताना. खिडकीची जागा घ्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी संपर्क कमी येतो. इनहेलर हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. मास्कने दम लागतोय असं वाटलं तर घरी अर्धा तास घालून चालून बघा आणि तसं झालं तर प्रवासाआधीच डॉक्टरांना विचारा.