बोलताना इंग्रजीतील काही अक्षरांचा उच्चार का गळून पडतो?

लिहिलेली सगळी अक्षरे इंग्रजी बोलणारे उच्चारत का नाहीत, असा आपला प्रश्न आहे. यामागे आळसापेक्षा उच्चाराची सोय अधिक आहे. तीन व्यंजने लागोपाठ आली की मधले, विशेषतः ‘ट’ किंवा ‘ड’, बहुधा गळते; म्हणून ‘नेक्स्ट डे’चे बोलताना ‘नेक्स डे’ होते, आणि ‘हँडबॅग’मधील ‘ड’ गेल्यावर उरलेला ‘न’, पुढच्या ‘ब’साठी ओठ आधीच मिटत असल्यामुळे, ‘म’ होऊन ‘हॅम्बॅग’ असे ऐकू येते. अमेरिकेत ‘वॉटर’मधला ‘ट’ जिभेच्या ओझरत्या स्पर्शापुरता उरतो, तर लंडनच्या कॉकनी बोलीत त्याच जागी घशात श्वास क्षणभर अडतो. (नवशिक्याने ही रूपे कानाने ओळखावीत, मुद्दाम अक्षरे गिळून बोलण्याची घाई करू नये.)

‘नाइफ’च्या आरंभीचा ‘के’ मात्र एकेकाळी खरोखरच उच्चारला जात असे. तो १७व्या शतकाच्या सुमारास लोपला, परंतु तोवर छपाईमुळे स्पेलिंग बरेचसे स्थिरावले होते. याउलट ‘ऑफन’मधला गेलेला ‘टी’ स्पेलिंगच्या प्रभावाने अनेकांच्या तोंडी परतला असून आज शब्दकोश दोन्ही उच्चार नोंदवतात.