लेकरं आजीकडे ठेवली म्हणजे टाकली का?

मंगल (नाव बदललं आहे) आमच्या सल्ला केंद्रात आली ती मार्चअखेरीस, उसाच्या फडातून सरळ. हातांवर पाचटाच्या चिरा होत्या आणि पदराच्या गाठीत घडी घातलेली वकिलाची नोटीस. बसायच्या आधीच तिनं विचारलं, "ताई, मला अटक होईल का?"

नोटीस नवऱ्याकडून आलेली. मजकूर असा की पत्नी दोन अपत्यांना 'टाकून परागंदा' झाली आहे, तिच्यावर फौजदारी गुन्हा दाखल करण्यात येईल, सबब मुलाचा ताबा पंधरा दिवसांत द्यावा. मी ती दोनदा वाचली. ताबा फक्त मुलाचा मागितला होता. आठ वर्षांच्या मुलीचा उल्लेख 'अन्य अपत्य' इतकाच.

मंगल बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातली. नवरा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला, दुसरीकडे संसार मांडला, आणि त्यानंतर त्यानं एक रुपया पाठवला नाही. या हंगामात भावजय बाळंतीण होती म्हणून भावासोबत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीत, मंगल गेली. मुकादमाकडून उचल घेतली आणि दिवाळीनंतर कोल्हापूरकडचा कारखाना गाठला. मुलगी तिसरीत, मुलगा चार वर्षांचा, अंगणवाडीत. दोघांना तिच्या आईकडे ठेवलं. फडावर नेली असती तर मुलीची शाळा बुडाली असती.

"सगळे म्हणायलेत, लेकरं टाकून गेली. खरंच टाकली का हो मी?"

हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येत राहतो. ऊसतोडीच्या बाया विचारतात, पुण्यात घरकामाला राहिलेल्या विचारतात, आखाती देशात नर्सची नोकरी घेतलेल्या विचारतात. 'टाकलं' हा शब्द शेजारीपाजारी सहज वापरतात. कायद्यात मात्र तो फार मोजूनमापून येतो.

आधी भारतीय दंड संहितेचं कलम 317 होतं. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 93 मध्ये आलं आहे. आईनं, बापानं किंवा ज्याच्या हवाली मूल आहे त्यानं बारा वर्षांखालच्या मुलाला पूर्णपणे टाकून देण्याच्या इराद्यानं उघड्यावर किंवा कुठेही सोडलं, तर सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सगळं वजन 'पूर्णपणे' आणि 'इराद्यानं' या दोन शब्दांवर आहे. स्टँडवर, देवळाच्या पायरीवर, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मूल ठेवून निघून जाणं यात येतं. सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती मूल देऊन, दर आठवड्याला फोन करून, हंगाम संपल्यावर परत येणं यात येत नाही.

हे मी तिला सांगितलं. पण तेवढ्यावर सोडणं मला बरोबर वाटलं नाही, कारण दुसरा एक कायदा आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम 75 अठरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी आहे. त्यात टाकून देण्याबरोबर जाणूनबुजून केलेली हेळसांडही येते, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणून मी तिला अवघड प्रश्न विचारले. आईला दिसतं का नीट? रात्री मुलाला ताप आला तर कोण नेतं? विहीर किती लांब? चूल कोण पेटवतं?

ती रडायला लागली. मला ते प्रश्न आधी पाणी देऊन, थोडं थांबून विचारायला हवे होते. पण विचारायलाच हवे होते. म्हातारीला मोतीबिंदू होता आणि संध्याकाळच्या भाकरी आठ वर्षांची पोर थापत होती. हा गुन्हा नव्हे. याच कलम 75 मध्ये असंही म्हटलं आहे की जन्मदात्यांकडून मूल सुटलं ते त्यांच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे असेल, तर ते जाणूनबुजून केलं असं धरायचं नाही आणि शिक्षा लावायची नाही. तरीही त्या पोरीच्या हाताला चटके बसत होते, आणि कायद्यात बसतं म्हणून त्याकडे डोळेझाक करणं मला जमत नाही.

आम्ही कागद गोळा केले. शाळेचा हजेरीपट, अंगणवाडीतली वजनाची नोंद, भावाच्या फोनवरून आजीच्या शेजारणीला पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, किराणा दुकानदाराची उधारीची वही. त्या वहीत दर महिन्याला 'मंगलकडून जमा' असं लिहिलेलं होतं. विधिसेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळाले आणि नोटिशीला उत्तर गेलं.

मग मंगलनं वेगळाच मुद्दा काढला. "मी नाही टाकली, तर त्यानं टाकली ना? त्याच्यावर लावा की ते कलम."

तिचा राग रास्त होता आणि मला तिला नाही म्हणावं लागलं. बाप निघून गेला तेव्हा मुलं आईच्या कुशीत होती, उघड्यावर नव्हती, त्यामुळे कलम 93 त्याच्यावर टिकणं कठीण. माणसाच्या नजरेत त्यानं मुलं टाकलीच, माझ्याही. कायदा त्याला दुसऱ्या वाटेनं गाठतो, ती वाट पोटगीची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आहे. बायको राहते त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो, त्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत लावावा, असं कलमातच आहे. आणि ताब्याबद्दल म्हणाल, तर हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यानं पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच असतं, आणि निर्णय बापाच्या हट्टावर ठरत नाही, मुलाच्या हितावर ठरतो.

आणखी एक गोंधळ मंगलच्या भावाच्याही डोक्यात होता. "दोन वर्षं झाली की सोडलं असं धरतात ना?" ती दोन वर्षं हिंदू विवाह कायद्यातली, घटस्फोटासाठी, नवराबायकोतली. मुलाला टाकण्याशी त्यांचा संबंध नाही. एका रात्रीत मूल टाकलेलं असू शकतं आणि पाच वर्षं लांब राहूनही टाकलेलं नसू शकतं.

हे वाचणाऱ्यांत कुणी अशीही असेल जिला मूल खरोखरच सांभाळणं शक्य नाही. तिनं रात्रीच्या अंधारात पायरी शोधू नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. तिच्यासमोर मूल रीतसर सुपूर्द करता येतं, नाव गुप्त राहतं, त्या चौकशीत जन्मदात्यांवर गुन्हा नोंदवत नाहीत. आणि मन बदललं तर दोन महिने हातात असतात. काही वर्षांपूर्वी एका मुलीसोबत मी त्या समितीसमोर गेले होते. चाळिसाव्या दिवशी ती बाळाला परत घेऊन गेली.

मंगलच्या नवऱ्याकडून तक्रार झालीच नाही. पोटगीच्या तारखेला तो पहिल्यांदा आला तेव्हा मुलानं त्याला ओळखलं नाही. मुलगी आईमागे उभी राहून बघत होती. अंतरिम पोटगी मंजूर झाली, दोन्ही लेकरांची.

पुढच्या दिवाळीनंतर कोयत्यावर जायच्या आधी मंगल सगळी तयारी दाखवायला आली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मुलीचं जेवण गावातल्या हंगामी वसतिगृहात. आपण नसताना आजी पालक म्हणून येईल, असा शाळेला दिलेला अर्ज, त्यावर मुख्याध्यापकांची सही. आणि फोनमध्ये घराच्या भिंतीचा फोटो, पोरीनं कोळशानं लिहिलेले तीन नंबर. मामाचा, शेजारणीचा, आणि खाली 1098.

"हा चाइल्ड हेल्पलाइनचा," मंगल म्हणाली. "तिला पाठ आहे."