वाऱ्याचा दाब गणिताने काढता येतो, तर इमारती आणि पुलांसाठी विंड टनेलमध्ये एवढं संशोधन कशाला लागतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "वारा म्हणजे शेवटी एक आडवं वजन. जास्तीत जास्त किती येईल ते धरा, वर थोडी सूट ठेवा आणि मजबूत बांधा. मग मॉडेलं करून महिनोन्महिने चाचण्या कशाच्या?"

इमारतींची मॉडेलं विंड टनेलमध्ये, म्हणजे पंख्यांनी वारा सोडलेल्या बोगद्यात, तपासणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे प्रश्न जरा लागला. पण तो रास्त आहे, आणि तुमचं अर्धं म्हणणं बरोबरही आहे. दाबाचं गणित खरंच सोपं असतं. वेग सेकंदाला किती मीटर ते घ्या, वर्ग करा, 0.6 ने गुणा. 40 मीटर वेगाला उत्तर येतं 960 न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण 98 किलोचा रेटा. बुटक्या, रुंद इमारतीला एवढं पुरतं. बांधकामाच्या नियमांच्या संहितेतले तक्ते उघडायचे, आकडे घालायचे, काम झालं. अशा इमारती आमच्याकडे येतच नाहीत.

गडबड "वजन" या शब्दात आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी, गच्ची कशीही असली तरी तेवढीच भरते. वाऱ्याचं तसं नाही. समोर जसा आकार येईल तसा तो वागतो. समोरच्या भिंतीला ढकलतो, पण बाजूच्या भिंतींना आणि सपाट छपराला बाहेर ओढतो. वादळात पत्रे उडतात ते या ओढीमुळेच. ही ओढ कोपऱ्यांपाशी आणि कडांना सर्वांत जास्त असते, म्हणून एकाच इमारतीत मधली काच टिकते आणि कोपऱ्यावरची निखळते.

हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकले, तेही स्वतःच्या चुकीतून. आमचं मॉडेल साधारण 1:400 प्रमाणात असतं, म्हणजे दोनशे मीटरची इमारत अर्ध्या मीटरची होते. तिच्या अंगावर काहीशे बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकातून एक नळी दाबमापकापर्यंत गेलेली. त्या दिवशी समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर ओढ दिसत होती. मी दुपारभर त्याची कारणं शोधत बसले, शेजारच्या इमारतीच्या भोवऱ्यांवर एक सिद्धांतही रचला. वरिष्ठ मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, मॉडेल आडवं केलं आणि मला नळ्यांवरचे नंबर मोठ्याने वाचायला लावले. 213 च्या जागी 231 लागली होती. समोरची नळी बाजूच्या भिंतीला, बाजूची समोर. सिद्धांत तिथेच संपला.

टनेलमध्ये आणखी एक गंमत असते. आकार चारशेपट लहान आणि वाऱ्याचा वेग चौपट कमी ठेवला, तर काळ शंभरपट पळतो. बाहेरचं तासाभराचं वादळ आत 36 सेकंदांत उरकतं. मग टर्नटेबल, म्हणजे मॉडेलखालची फिरती तबकडी, 10 अंश फिरवायचं आणि पुन्हा तेच, असं 36 दिशांना. मॉडेलच्या पुढे जमिनीवर लाकडी ठोकळ्यांच्या रांगा मांडलेल्या असतात, कारण खरा वारा घरांना, झाडांना अडखळत येतो. खाली संथ आणि खवळलेला, वर वेगवान. विमानांसाठीच्या टनेलमधला गुळगुळीत वारा इथे कामाचा नाही. अॅलन डेव्हनपोर्ट यांनी 1965 मध्ये कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात असा खरखरीत वारा तयार करणारं खास टनेल उभं केलं, आणि हा विषय तिथून वेगाने पुढे गेला.

ठोकळ्यांइतकेच शेजारीही महत्त्वाचे. त्याच 1965 मध्ये, 1 नोव्हेंबरला, इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीज केंद्रातल्या आठ शीतक मनोऱ्यांपैकी तीन कोसळले. प्रत्येक मनोरा सुमारे 114 मीटर उंच. गणित एकट्या मनोऱ्याचं केलेलं होतं, आणि वेग धरताना झोतांपेक्षा सरासरीवर भर होता. प्रत्यक्षात मनोरे दाटीने उभे होते. पडले ते वाऱ्याच्या तोंडावरचे नव्हेत, मागच्या रांगेतले. पुढच्यांमधून वाट काढत आलेला खवळलेला वारा त्यांच्या वाट्याला आला होता.

आता उंच इमारती. वारा इमारतीला वळसा घालून जाताना आलटून पालटून दोन्ही बाजूंना भोवरे सोडतो, आणि त्यामुळे इमारत वाऱ्याच्या दिशेने हलते त्याहून जास्त कधीकधी आडवी झुलते. इमारत सडपातळ असेल तर भोवऱ्यांची लय आणि तिची स्वतःची झुलण्याची लय नेहमीच्याच वादळात जुळू शकते. इथे मजबुती वाढवून फारसं काही साधत नाही. आकार बदलावा लागतो. तैवानमधल्या तैपेई 101 या उंच इमारतीचे कोपरे करवतीच्या दात्यांसारखे कापले, तेव्हा वाऱ्याचा भार साधारण पाव हिश्श्याने उतरला. शिवाय 87 ते 92 मजल्यांच्या दरम्यान 660 टनांचा पोलादी गोळा लंबकासारखा टांगला आहे. तो मुख्यतः इमारत वाचवायला नाही, आतल्या माणसांना मळमळू नये म्हणून. रहिवासी घाबरतात त्याच्या कितीतरी पुढे इमारतीची ताकद असते. उंच इमारतीचं डिझाइन बऱ्याचदा माणसाच्या पोटाला विचारून ठरतं, असं आम्ही गमतीने म्हणतो.

आणि अमेरिकेतला टकोमा. हा पूल कॉलेजमध्ये सगळ्यांनीच "रेझोनन्सचं उदाहरण", म्हणजे बाहेरचा ठेका आणि पुलाची स्वतःची लय जुळल्याचं उदाहरण, म्हणून पाठ केलेला असतो, आणि तिथेच माझं भांडण आहे. 7 नोव्हेंबर 1940 ला, उद्घाटनानंतर अवघ्या चार महिन्यांनी, ताशी 68 किलोमीटरच्या वाऱ्यात तो पडला. 853 मीटरचा मुख्य गाळा आणि कडेची तुळई जेमतेम 2.4 मीटर खोल. त्या वेगाला त्या तुळईवरून भोवरे सेकंदाला सुमारे एक या लयीने सुटतील. पूल मात्र पिळला जात होता पाच सेकंदांत एकदा. लयी जुळतच नाहीत. खरा प्रकार असा की पूल जरासा पिळला की वाऱ्याला नवा कोन मिळायचा, त्यातून पीळ आणखी वाढवणारा जोर यायचा, त्याने पूल अधिक पिळायचा. पुलाची हालचालच वाऱ्यातून ऊर्जा खेचत होती. याला फ्लटर म्हणतात. बाहेरून कोणी ठेक्यात ढकलत नव्हतं, म्हणून तुमचं "जास्तीत जास्त वजन" इथे लागू पडत नाही. वजनाच्या हिशेबात तो पूल पक्काच होता.

बारीक गोष्टीही नडतात. चीनमधला हुमेन पूल 1997 पासून ठीक चालू होता. 5 मे 2020 ला तो साध्या वाऱ्यात वरखाली हेलकावे खायला लागला आणि वाहतूक थांबवावी लागली. दुरुस्तीच्या कामासाठी कडेने पाणी भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे ओळीने ठेवले होते, तेवढ्याने डेकचा, म्हणजे पुलावरच्या रस्त्याच्या पाटाचा, आकार वाऱ्यासाठी बदलला होता. पूल पडला नाही, पण आमच्या क्षेत्रात त्या अडथळ्यांची चर्चा खूप झाली.

पवनचक्कीची गोष्ट उलटी. तिथे वारा हवाच असतो. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते, आणि त्यातली जास्तीत जास्त 59.3 टक्केच काढता येते, ही बेट्झची मर्यादा. संशोधन अडतं ते दुसरीकडे. पातं वर असताना जोराचा वारा खातं, खाली आलं की कमी. मिनिटाला 12 फेऱ्या धरल्या तर वर्षात 63 लाख वेळा हा भार चढतो आणि उतरतो. एकाही झटक्याने पातं तुटणार नाही, पण वीस वर्षांच्या थकव्याने तुटू शकतं. शिवाय पुढची चक्की मागचीच्या वाट्याला मंद आणि ढवळलेला वारा सोडते, म्हणून आता पुढचीचं तोंड मुद्दाम थोडं तिरकं करून मागच्या चक्क्यांचं उत्पादन वाढतं का, हे तपासणं चालू आहे. पुढची थोडी तोट्यात, सगळ्यांची बेरीज फायद्यात.

"हे सगळं आता कॉम्प्युटरवर होत नाही का?" असं कोणीतरी कमेंटमध्ये विचारेलच. बरंच होतं. सुरुवातीचा आकार ठरवताना किंवा फुटपाथवर वारा किती सुटेल ते बघताना मीही आधी तेच करते. पण कोपऱ्यावरच्या काचेला क्षणभर बसणारा सर्वांत जोराचा झटका काढायचा तर तो तासाभराच्या गोंधळातून शोधावा लागतो, आणि तेवढ्यात टनेल शेकडो भोकांवरचे आकडे 36 सेकंदांत देऊन मोकळं होतं. काचांची जाडी ठरवायची वेळ आली की मी नळ्या जोडायला बसते. नंबर आता दोनदा वाचते.