समुद्र नसलेला नॉर्वे

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या ॲटलासमध्ये नॉर्वेत हेडमार्क आणि ओप्लान असे दोन जिल्हे आहेत, मुलाच्या मोबाइलवर मात्र तिथे एकच, इनलान्ने. हे कधी झालं? आणि एवढी किनारपट्टी असलेल्या देशात याच्याच वाट्याला समुद्र कसा नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचा ॲटलास खोटा नाही हो, फक्त २०२० च्या आधीचा आहे. १ जानेवारी २०२० ला हे दोन्ही मिळून इनलान्ने झालं (स्पेलिंगमध्ये शेवटी ड आणि ट आहेत पण बोलताना दोन्ही गिळतात), अर्थ सरळ, आतला मुलुख. तेव्हा सरकारने १९ जिल्ह्यांचे ११ केले होते. गंमत म्हणजे हे दोघं मुळात एकच होते, १७८१ मध्ये वेगळे केले आणि जवळजवळ अडीचशे वर्षांनी परत एकत्र आणले. संसार काही फार गोडीचा नव्हता, नंतर सरकार बदललं, मोडायची मुभा मिळाली, विकेनसारखे नवे जिल्हे २०२४ मध्ये फुटलेसुद्धा, पण इनलान्नेच्या जिल्हा परिषदेने २०२२ मध्ये एकत्रच राहायचं ठरवलं. मुख्यालय जुन्या हेडमार्कमधल्या हामारला, आणि राज्यपालासारखा जो सरकारी अधिकारी असतो त्याचं ऑफिस जुन्या ओप्लानमधल्या लिलेहामरला, म्हणजे दोघांनाही काहीतरी दिलंय बघा! लिलेहामर म्हणजे १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकवालं.

आता समुद्राचं. जुने दोन्ही जिल्हेही आतलेच, त्यामुळे जोडून किनारा कुठून येणार, पूर्वेला स्वीडन आणि पश्चिमेला योटुनहाइमेनचे डोंगर, त्यातलं गाल्डहोपिग्गन २,४६९ मीटर, नॉर्वेतलं सगळ्यात उंच शिखर. पण कोरडा मात्र म्हणू नका. देशातलं सगळ्यात मोठं तळं म्योसा इथेच (दक्षिणेचं टोक तेवढं शेजारच्या आकर्सहूसमध्ये जातं), आणि ते जवळपास साडेचारशे मीटर खोल आहे, पाण्याची पातळी समुद्रापेक्षा फक्त सव्वाशे मीटरच्या आसपास वर, म्हणजे हिशोब करा, तळ समुद्रसपाटीच्या जवळपास सव्वातीनशे मीटर खाली! हिमनद्यांनी जशी किनाऱ्यावर दरी कोरली तशीच इथेही कोरली, तिकडे समुद्र आत शिरला म्हणून त्याला फ्योर्ड म्हणतात, इथे आज समुद्राचं पाणी नाही म्हणून तळं. म्योसाचं पाणी पुढे वोर्मा नदीतून ग्लोमाला मिळतं, आणि ग्लोमा ते थेट ओस्लो फ्योर्डच्या तोंडाशी नेऊन सोडते.