गोधडी, वाकळ आणि वल्कल

प्रश्न असा आहे: ‘वस्त्रकलेच्या प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहायचे आहेत. क्विल्टला रजई म्हणावे की गोधडी? वाकळ म्हणजे गोधडीच का? आणि वाकळ हा शब्द फलकावर बरा दिसेल का?’

आधी दुसरेच सांगतो, कारण प्रश्नासोबत पाठवलेल्या मजकुरात ‘हाताने विणलेली गोधडी’ असे आहे. हे बातम्यांत, जाहिरातींत सतत कानावर येते. गोधडी विणत नाहीत. कापड विणतात, खाट विणतात, स्वेटर विणतात. गोधडी शिवतात. आधीच विणलेली, नेसून-धुऊन मऊ झालेली लुगडी आणि धोतरे एकावर एक पसरायची आणि धावदोऱ्याने सगळे थर एकमेकांना टाचायचे, ही गोधडी. सुई वरच्या थरातून खालच्या थरापर्यंत गेली नाही तर गोधडी होतच नाही. यात माग कुठून आला?

रजईचे उत्तर यातच आहे. रजईच्या पोटात पिंजलेला कापूस असतो. गोधडीला वेगळे पोट नाही, थर हेच तिचे पोट. आपल्याकडे हे थर शब्दांतच मोजलेले आहेत: दुपट्यात दोन, चौघडीत चार. इतकी नेमकी भाषा हाताशी असताना प्रत्येक क्विल्टला रजई म्हणणे हा निव्वळ आळस आहे. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या झिजलेल्या कपड्यांतून, जुन्या डेनिममधून जे शिवले आणि 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने भिंतीवर लावले, त्याला मराठी माणसाने पाहताक्षणी गोधडी म्हणावे. त्याच संग्रहालयाने 1971 सालीही अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या होत्या. भिंतीवर गेल्यामुळे तिथे नाव बदलले नाही, आपण का बदलावे?

‘गोधडी’तल्या ‘गो’चा गाईशी संबंध जोडणारी व्युत्पत्ती फिरत असते. तिच्यावर वेळ घालवू नये. गुजरातीत गोदडी, हिंदीत गुदडी, आपल्या कर्जतचे ते गोदड महाराज. सगळीकडे द आहे. आपल्या तोंडी त्याचा ध झाला, इतकेच.

खरा शब्द वाकळ. ‘वाकळ देशी (म्हणजे संस्कृतातून न आलेला शब्द) आहे, मूळ शोधू नका’ असे सांगून विषय मिटवणाऱ्या अभ्यासकांशी माझे जुने भांडण आहे. वाकळ म्हणजे वल्कल, झाडाच्या सालीचे वस्त्र. संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ. राम-लक्ष्मणांनी वनवासात नेसलेले, शकुंतलेच्या अंगावरचे, तेच.

ध्वनी तपासून पाहा. प्राकृतातले जोडव्यंजन मराठीत सुटे होते आणि आधीचा स्वर लांबतो: हस्त, हत्थ, हात; कर्म, कम्म, काम. तसेच वक्क-चे वाक-. आता शेवटचा ळ. दोन स्वरांमध्ये एकटा आलेला ल मराठीत ळ होतो: फल-फळ, कमल-कमळ. प्राकृतात ल दुहेरी असेल तर तो ल-च राहतो: तैल, तेल्ल, तेल. सर्वांत सुंदर जोडी काल आणि काळ यांची. कालचा दिवस ‘कल्य’पासून, मध्ये ‘कल्ल’, म्हणून ल टिकला; वेळ या अर्थाचा ‘काल’ एकेरी, म्हणून काळ झाला. वक्कल-मधला ल एकेरी, म्हणून वाकळ. एकही पायरी ओढूनताणून आणलेली नाही. शिवाय नुसते ‘वल्क’ही मराठीत जिवंत आहे: घायपाताच्या तंतूंना वाक म्हणतात, बोलीत वाख. दोर वळणाऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही.

‘झाडाची साल कुठे आणि चिंध्यांचे पांघरूण कुठे’ असा आक्षेप घेतात. घेणाऱ्यांनी वस्त्राकडे पाहिले, ते पांघरणाऱ्याकडे पाहिले नाही. साल पांघरणारा आणि ठिगळे पांघरणारा माणूस एकच आहे: घर सोडलेला. बौद्ध भिक्खूंचे चीवर तुकडे जोडूनच शिवायचे असते, आणि विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्याच्या रचनेला मगधातल्या बांध घातलेल्या शेतांचा नमुना दिला आहे. बुद्धांचा शिष्य आनंद याने तो बेतला. तुकोबांच्या ‘वृक्षवल्ली’ अभंगात रानातल्या एकांतात देहाला पुरते ते काय, तर ‘कंथा कमंडलु’. कंथा म्हणजे ठिगळांचे वस्त्र, बंगालची कांथा तीच. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. विरक्ताच्या अंगावरची साल गेली, तिथे चिंध्या आल्या, नाव तेच राहिले. म्हणून ‘वाकळ’ हा हलका शब्द आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. मराठीतल्या पांघरुणांच्या नावांत इतके जुने आणि इतके मानाचे दुसरे मला माहीत नाही.

आता पुन्हा शिवण्याकडे येऊन कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पाहावी. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यांतले बरेच गोव्याच्या पोर्तुगीजांकडून निसटून घाटावरच्या रानात आलेले. बोलीत कोकणी-मराठी मिसळलेली. कवंदी आणि कानडी कौदी हे शब्द उघडच एका घरातले. अमेरिकन पद्धतीत तुकडे जोडून वरचा थर आधी पुरा करतात, मग अस्तर लावून टाके घालतात. सिद्दी बाई कोपऱ्यापासून सुरू करते, कडेकडेने आत येते, तुकडा ठेवते आणि त्याच टाक्यात खालच्या थरालाही धरते. जोडणे आणि शिवणे वेगळे नाहीच. शेवटी चार कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी कापड बसवते, ते ‘फूल’. फुले नसली तर कवंदी उघडी, नागडी वाटते असे त्या सांगतात. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुन्हा ‘विणलेली’ लिहिणार नाही.

राहिले फलक. गोधडी हे सर्वसाधारण नाव. घाटावरच्या कित्येक घरांत तिलाच वाकळ म्हणतात, त्यामुळे वस्तू वेगळी मानू नका. शिवणारीच्या घरी जो शब्द असेल तो तिच्या कामाखाली लिहा. सिद्दींच्या कामाखाली कवंदी, बंगालच्या कामाखाली कांथा. पोटात कापूस असेल तिथेच रजई. आणि ‘विणलेली’ आजच खोडा.