ग्रीक आणि पर्शियन हे कायमचेच शत्रू होते का?

नाही. मॅरेथॉन (इ.स.पू. ४९०) आणि सॅलमिस (इ.स.पू. ४८०) या लढायांमुळे तसं चित्र मनात पक्कं बसतं, पण ‘सगळे ग्रीक विरुद्ध पर्शिया’ असं कधीच नव्हतं. पर्शियाचा राजा झर्क्सीस याच्या ग्रीसवरच्या स्वारीत थीब्ज हे ग्रीक शहर पर्शियाच्या बाजूने लढलं, आणि त्याच्या आरमारात आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) ग्रीकांचीही कितीतरी जहाजं होती.

मला सर्वांत चटका लावते ती थेमिस्टोक्लीसची गोष्ट. सॅलमिसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत पर्शियन आरमाराला कोंडीत पकडणारा हाच अथेन्सचा सेनानी. पुढे अथेन्सनेच त्याला हद्दपार केलं, आणि त्याने आसरा घेतला तो झर्क्सीसच्या मुलाकडे, अर्टाझर्क्सीसकडे! राजाने त्याला मॅग्नेशिया शहराचं उत्पन्न तोडून दिलं. अखेरचे दिवस त्याने तिथेच काढले.

नंतर तर तलवारीपेक्षा पर्शियाचा पैसाच जास्त चालला. त्या पैशावर स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक नगरराज्याने आरमार उभारलं आणि इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सला शरण आणलं. इ.स.पू. ३८६ च्या तहात आशिया मायनरमधली ग्रीक शहरं पर्शियाच्या राजाची, हे ग्रीकांनीच मान्य केलं. ज्या शहरांच्या पर्शियाविरुद्धच्या बंडातून हे वैर पेटलं होतं, तीच ही शहरं.