गोधड्या आणि त्यांसाठी जमवलेले जुने कापड दमट हवेत कसे ठेवावे?

कोकणातील पावसाळ्यात गोधड्या आणि त्यांसाठी जमवलेली लुगडी-धोतरे कशी टिकवावीत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे कापड ठेवण्यापूर्वी त्यातील खळ पूर्णपणे धुऊन काढणे, कारण कसर खळीवरच तुटून पडते आणि खळीने ताठ झालेले जुने सूत घडीच्या रेषेवर आधी विरते. जरीचे काठ आणि पक्क्या रंगाची खात्री नसलेले लाल-निळे तुकडे वेगळे बांधावेत.

प्लॅस्टिकची पिशवी कृपया टाळावी. तिच्यात ओल कोंडते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात, जे धुतल्यानेही सहसा जात नाहीत. त्याऐवजी धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती चादरीत गुंडाळावे. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत असाल, तर तळाला व कडांना जाड सुती कापड लावावे, नाहीतर गंजाचे डाग पडतात.

तयार गोधडी एकाच घडीत वर्षभर ठेवू नये. आमच्या घरातील एका गोधडीचे धावदोऱ्याचे टाके नेमके मधल्या घडीवर तुटले होते, तेव्हापासून मी दर तीन महिन्यांनी घडी बदलते. मृगाच्या आधी, मे महिन्यात, उलट बाजू वर करून थोडा वेळ ऊन द्यावे आणि पूर्ण थंड झाल्यावरच आत ठेवावे. वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड पुरचुंडीत बांधून ठेवावे. डांबराच्या गोळ्या बाळाच्या दुपट्यांजवळ मुळीच ठेवू नयेत.